तगरचं कापड, यवनांचं खापर

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत तेरला निघालेला माणूस बहुतेक वेळा गोरोबाकाकांच्या समाधीला चाललेला असतो. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरणेकाठी पुण्यतिथीची यात्रा भरते, दिंड्या येतात, टाळ-मृदंगाने गाव दणाणून जातं. मुक्ताईच्या सांगण्यावरून थापटणं हातात घेऊन प्रत्येक संताच्या डोक्यावर ते वाजवणारा आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवणारा कुंभार याच गावचा. ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच गावात मडक्यांचं, खापरांचं, मण्यांचं एक सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, पण समाधीवरून तिकडे पाय वळवणारे थोडेच.

संग्रहालयाला नाव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचं. लामतुरे गावातलेच व्यापारी. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पाऊस पडून गेला, की माती धुपून मणी वर येतात, नाणी येतात, मातीच्या बाहुल्यांची मुंडकी येतात. पोरं ती खेळायला नेत, बायाबापड्या चमकता मणी दिसला तर दोऱ्यात ओवत. लामतुरे या वस्तू जमवत राहिले. हजारोंच्या संख्येने जमलेला हा ठेवा त्यांनी पुढे सरकारच्या हवाली केला. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या माणसाने एका आयुष्यात उभा केलेला इतका मोठा संग्रह महाराष्ट्रात क्वचितच दुसरा असेल.

तेरचं जुनं नाव तगर. ते ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका पुस्तकात आहे, म्हणूनच ‘ग्रीकांचं भांडं तेरला असणार’ असा तर्क लोक हमखास करतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या कुणा अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची माहितीवजा पुस्तिका लिहिली: तांबड्या समुद्रातून भारताकडे कसं जायचं, कुठल्या बंदरात काय विकतं, कुठे खडक आहेत, कुठला राजा त्रास देतो. शैली कोरडी, कामापुरती. दक्षिणापथाच्या बाजारपेठांत दोनच महत्त्वाच्या, असं तो सांगतो. एक पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, तिथून आणखी दहा दिवस पुढे. पैठणहून अकीक-गोमेदासारखे दगड येतात. तगरहून साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि एक जांभळट छटेचं मानलं जाणारं वस्त्र. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाने इथे थोडं थांबावं. १८७७मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती ‘जुनी मिल’. त्यानंतर चादरीने आणि टॉवेलने शहराला नाव दिलं. पण या पट्ट्यातून समुद्रापार कापड जाण्याचा लेखी पुरावा त्याच्याही अठराशे वर्षं मागे जातो, आणि तो पुरावा गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिलेला आहे. त्यात ‘साधं कापड’ आधी येतं आणि मलमल नंतर, हे विशेष. मलमलीची कौतुकं सगळेच करतात. पोट भरणारा माल बहुधा साधाच असावा.

तगर म्हणजेच तेर, हे ठरायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. कुणी तगर देवगिरीला नेऊन ठेवलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांना धारूरचा संशय होता. जॉन फेथफुल फ्लीट यांचं मत आधी कोल्हापूरच्या बाजूचं होतं. १९०१मध्ये त्यांनीच ते बदलून तेरचं नाव पुढे केलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स तेरला आले. त्रिविक्रम मंदिर म्हणून पूजलं जाणारं देऊळ मुळात विटांचं, अर्धगोल पाठीचं बौद्ध चैत्यगृह आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. गाव उतरणीला लागलं तरी नावाची पत उतरली नव्हती.

मग लामतुरे संग्रहालयात ग्रीक सुरई आहे का? चित्रातल्यासारखी, काळ्या झिलईवर तांबूस माणसं रंगवलेली, एका कानाची, चोचीतून वाइन ओतायची? तशी अपेक्षा धरून गेलेला पाहुणा खट्टू होऊन परतेल. तिथे दिसतं ते वेगळंच, आणि या लेखकाच्या मते जास्त बोलकं. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पोकळ बाहुल्या आहेत. साच्यांची ही तऱ्हा भूमध्य समुद्राच्या बाजूने आली, असं अनेक अभ्यासक मानतात. रोमन दिव्यांच्या धर्तीचे मातीचे दिवे आहेत. रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल तर मोठी मजेची: वर भोक किंवा कडी, म्हणजे गळ्यात घालायला सोय. अस्सल सोन्याचं नाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी सम्राटाचा मुखवटा मातीत घडवून मिरवला. फॅशन म्हणजे काय, ते तेरच्या बाजारात दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

आणि एक हस्तिदंती स्त्री आहे. तिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती १९३८मध्ये इटलीत पॉम्पेईच्या एका घरात सापडली. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहेत. तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन ही दोन्ही नावं त्यात घेतली जातात.

खरं ग्रीक घाटाचं ओतायचं भांडं पाहायचं तर कोल्हापूरला जावं लागतं, आणि तेही मातीचं नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. प्रा. कुंदणगार यांनी तो उजेडात आणला, १९४५-४६मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. त्या साठ्यात जेमतेम वीतभर उंचीचा पोसायडन होता, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या या बाजूला तो काय करत होता, हे त्यालाच ठाऊक. त्याच्याबरोबर इटलीत घडलेला काशाचा एक कानवाला चंबूही निघाला. दोन्ही वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाच्या. मातीच्या ग्रीक सुरईचा हा धातूतला वारसदार.

मातीची सुरई हे ग्रीक घरातलं रोजचं भांडं. ग्रीक माणूस वाइन नुसती पीत नसे; मोठ्या तोंडाच्या कुंड्यात पाणी मिसळायचं, त्यातून सुरईने उपसायचं आणि पेल्यांत ओतायचं. पाहुण्यांच्या हातात पेले, वाढणाऱ्याच्या हातात सुरई. तोंड बरेचदा तीन पाकळ्यांचं, म्हणजे मधल्या पाकळीतून धार नेमकी पडते. अथेन्समध्ये वसंतातल्या एका सणाला लहान मुलांनाही छोट्या सुरया मिळत, आणि त्यांवर रांगणारी, गाडा ओढणारी, कुत्र्याशी खेळणारी मुलंच रंगवलेली असत.

या ग्रीक भांड्यांचा तो प्रसिद्ध काळा रंग म्हणजे रंग नव्हेच. भांड्याचीच लोहयुक्त माती पाण्यात निवळून, अगदी बारीक गाळून तिचा लेप द्यायचा. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, तेव्हा सगळं भांडं तांबडं होतं. मग झरोके बुजवून ओली लाकडं घालायची. हवा कोंडली की लोहाचं रूप पालटतं आणि सगळं काळं पडतं. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. भांड्याचा उघडा भाग सच्छिद्र, तो हवा शोषून पुन्हा तांबडा होतो. लेप मात्र नवशे अंशांच्या आसपास काचेसारखा घट्ट बसलेला असतो, तो काळाच राहतो. झरोका थोडा उशिरा उघडला, तर अख्ख्या भट्टीची मेहनत वाया.

सातवाहनांच्या काळातल्या आपल्या कुंभारालाही हे हवेचं गणित येत होतं. तेरला, पैठणला, नेवाशाला मिळणारी काळी-तांबडी भांडी पाहावीत: आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. एक रूढ समजूत अशी, की भांडं पालथं घालून भाजलं जायचं, म्हणजे आत हवा जात नसे आणि ते काळं राही. अथेन्सचा कुंभार चित्रासाठी हवा कोंडत होता, तेरचा रोजच्या ताट-वाटीसाठी. कोण कुणाकडून शिकलं असा प्रश्न इथे विचारू नये. काळी-तांबडी भांडी आपल्याकडे यवनांच्या, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या, कितीतरी आधीपासून आहेत.

यवनांच्या बाजूने मातीचं काही आलं असेल, तर ते सुरईच्या रूपात नव्हे, मालाच्या डब्याच्या रूपात. ते म्हणजे अँफोरा: दोन कानांचा, लांब मानेचा, टोकदार बुडाचा उंच कुंभ. त्यात साधारण पंचवीस-तीस लिटर वाइन मावे. ‘पेरिप्लस’च्या यादीत भडोचला खपणाऱ्या मालात वाइन पहिल्या ओळीत आहे: इटलीची सर्वांत पसंत, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी यादी: चांदीची भांडी, गाणारी मुलं, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उंची वाइन. व्यापाऱ्याने मुलामुलींना भांड्यांच्याच रांगेत बसवलंय, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

नेवाशाला अशा कुंभांची खापरं मिळाली. १९५४ ते १९५६ या काळात सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठची लाडमोड टेकडी खणली. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे तिच्याआधी हजार-बाराशे वर्षं भूमध्य समुद्राकाठची वाइन उतरत होती. घारापुरी बेटावर तर अशा खापरांचा खच आहे.

एका खापरावरून गाव कसं ओळखतात? कॉस नावाचं ग्रीक बेट आहे, वैद्य हिप्पोक्रेटिसचं. तिथल्या कुंभाराचा कान म्हणजे दोन गोल वळकट्या एकमेकींना चिकटवलेल्या. आडवा तुटला तर इंग्रजी आठाचा आकार दिसतो. कॉसची वाइन समुद्राचं पाणी घालून करत. रोमन लेखक केटोने तर ती घरी कशी बनवावी, याची कृतीच देऊन ठेवली आहे. ती इतकी खपायची, की इटलीतल्या कुंभारांनी त्या दुहेरी कानाची सर्रास नक्कल केली. मग अस्सल आणि नकली वेगळं कसं करायचं? मातीवरून. नेपल्सच्या उपसागराकाठच्या मातीत व्हेसुव्हियसच्या ज्वालामुखीची काळी कणी असते, भिंगाखाली ती चमचमते. पाँडिचेरीजवळच्या अरिकामेडूला कॉसच्या घडणीच्या कुंभांची खापरं मोठ्या संख्येने मिळाली आहेत.

मात्र यात एक गोची होती, आणि ती उलगडायला पन्नास वर्षं लागली. पश्चिम भारतात मिळालेल्या अनेक खापरांना आतून काळा लेप आहे. वाइनच्या कुंभाला पाइनच्या राळेचा लेप देत, म्हणून काळा लेप दिसला की ‘रोमन’ असा शिक्का बसे. अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या संग्रहांमधली ही खापरं पुन्हा एकेक करून हाताळली. त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच कुंभांना कान नाहीतच, आणि लेप राळेचा नसून डांबराचा आहे. हे कुंभ मेसोपोटेमियाचे, आजच्या इराकच्या बाजूचे, आणि बरेचसे रोमन व्यापार ओसरल्यानंतरचे. २००७-०८मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केल्यावर ‘रोमन खापर सापडलं’ या अनेक जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. सगळ्या नव्हे, कॉसचा दुहेरी कान काही इराकचा होत नाही.

या फेरतपासणीचं श्रेय खरं तर दोघांचं आहे. टॉम्बर यांचं तर आहेच. पण ज्यांनी ती कुरूप, बिनकामाची वाटणारी खापरं फेकून न देता पिशवीत भरली, वर स्थळ, खड्डा आणि थर यांचा क्रमांक लिहिला आणि गोदामात ठेवली, त्यांचंही आहे. त्यांचं निदान चुकलं होतं, तरी नोंद बरोबर होती. म्हणून चूक दुरुस्त करता आली.

अखंड, देखण्या ग्रीक भांड्यांचं नशीब याच्या नेमकं उलट असतं. जगभरच्या संग्रहालयांत काचेआड दिसणारी बहुतेक धड भांडी थडग्यांतली आहेत, त्यातही पुष्कळशी इटलीतल्या एट्रुस्कन थडग्यांतली. राहत्या वस्तीत भांडं फुटतं. धड राहतं ते पुरलेलंच. आणि थडगी उकरणारे नोंदवही घेऊन जात नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२मध्ये दहा लाख डॉलरना एक वाइन-कुंडं विकत घेतलं, इ.स. पूर्व ५१५च्या आसपासचं. त्यावर कुंभार युक्सिथिओस आणि चित्रकार युफ्रोनिओस या दोघांचीही सही आहे. दोघांचं नाव कळतं, पण ते कुठल्या थडग्यात, कुणाच्या शेजारी ठेवलं होतं ते मात्र लपवलं गेलं. ते रोमजवळच्या चेर्वेतेरीत चोरट्यांनी उकरल्याचं पुढे उघड झालं आणि २००८मध्ये ते इटलीला परत करावं लागलं. भांडं परतलं, त्याची हकिकत परतली नाही.

नेवाशाच्या त्या खापराची किंमत बाजारात शून्य. तरी ते त्या कुंड्यापेक्षा जास्त सांगतं: कुठल्या थरात, कुठल्या नाण्याबरोबर, कुठल्या राजवटीत ते फुटलं.

टाकाऊ तुकडाच जास्त सांगतो, हे कापडालाही लागू पडतं. तगरचं कापड इथल्या काळ्या मातीत आणि पावसात टिकणं शक्यच नव्हतं. तेरच्या पांढरीत मणी मिळतील, त्या काळचा ताणाबाणा मिळणार नाही. पण इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं बंदर होतं, आणि तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही. १९९४पासून तिथे उत्खनन झालं आणि उकिरड्यांतून सुती कापडाच्या चिंध्या निघाल्या. काही मेण लावून निळ्या रंगवलेल्या, काही जाड, पट्ट्या शिवून मजबूत केलेल्या, म्हणजे जहाजाच्या शिडाच्या. त्या भारतातल्या आहेत हे कशावरून? पिळावरून. सोलापुरातल्या कुठल्याही मागवाल्याला एस पीळ आणि झेड पीळ यांतला फरक सांगायला नको. इजिप्तची सूतकताई एस पिळाची. या सुताला झेड पीळ आहे, ताण्यालाही आणि बाण्यालाही, आणि तो भारतीय कताईचा. त्याच बंदरात देवळाच्या आवारात भारतीय मातीचा एक रांजण मिळाला, आत साडेसात किलो काळी मिरी.

बेरेनिकेची चिंधी तेरचीच, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. भडोचला गुजरातचंही कापड येत होतं. पण दक्षिणापथाच्या गाड्यांमधला साधा माल कुठे गेला, त्याची दिशा आता हाताशी आहे. शिडाचं जाड कापड जर भारतातून जात असेल, तर ‘साधं कापड भरपूर’ या त्या कोरड्या शब्दांना वजन येतं.

कल्याण बंदर जवळ असताना तेरचा माल तीस दिवसांच्या वाटेने भडोचला का जात होता, याचंही उत्तर ‘पेरिप्लस’मध्येच आहे. कल्याणला उतरू पाहणारी ग्रीक जहाजं सांडनेस नावाच्या सत्ताधीशाच्या काळात पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोचवर सत्ता असलेला क्षहरात राजा नहपान आणि सातवाहन यांचं ते राजकारण. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला मिळालेल्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर त्याने नहपानाच्या मुखवट्यावर स्वतःचा ठसा उमटवलेला आहे. त्या भांडणाची किंमत तेरच्या गाडीवाल्याने वाढीव मुक्कामांत मोजली.

यवन नुसते जहाजांवर नव्हते, घाटावरही होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवनांनी दान केलेले खांब आहेत. जुन्नरला शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, खोदून दिल्याचा लेख आहे. वाइन मागे टाकून पाण्याचं दान करणारा हा यवन मराठी वाचकाला अधिक ओळखीचा असायला हवा होता.

तेरच्या पांढरीतलं फार थोडं शास्त्रीय पद्धतीने खणलं गेलं आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुरातत्त्व संशोधक चापेकरांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९मध्ये निघाला, नंतरही अधूनमधून कामं झाली, सोलापूर विद्यापीठातले पुरातत्त्वाचे अभ्यासक तेरकडे लक्ष ठेवून आहेत. लामतुरे यांच्या संग्रहातल्या वस्तू मात्र मुख्यतः पृष्ठभागावर वेचलेल्या. ‘तेर’ एवढाच त्यांचा पत्ता. त्यांनी त्या वाचवल्या नसत्या, तर तेवढाही राहिला नसता; पण नेमकी जागा आणि थर कळला असता, तर त्यांतल्या प्रत्येक बाहुलीचं वय आज कमी वादाचं असतं.

म्हणून तेरला, किंवा नेवासा, पैठण, जुन्नर, भोकरदन यांपैकी कुठल्याही जुन्या पांढरीवर ज्यांचं शेत किंवा घर आहे, त्यांना एक विनंती. पावसानंतर दुहेरी कानाचं, आतून काळं लिंपलेलं किंवा न ओळखू येणारं खापर दिसलं, तर आधी आहे तिथेच त्याचा फोटो घ्या, गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवा, आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत मिळालेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर १८७८च्या निखात निधी कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकच आहे. खापराला तेवढी किंमत कुणी देणार नाही, तरी कळवाच. आणि पुढच्या यात्रेला गोरोबाकाकांचं दर्शन झाल्यावर एक तास लामतुरे संग्रहालयासाठी काढा.